गाडी आली की बसायचं

चितळ पाहिलं की लोकांच्या तोंडून 'किती गोड' असं निघतं, आणि मला अजूनही त्याचा थोडा राग येतो. आमच्या घरात चितळाचं नाव कुणी प्रेमानं घेतलं नाही. 'धानात चितळ पडले' असं कुणी धावत येऊन सांगितलं, की बाबा हातातला घास ताटात टाकून उठायचे. धानाला लोंब्या धरल्या की ते जंगलातून उतरायचे आणि बांधीच्या बांधी, भाताची अख्खी खाचरं, साफ करून जायचे. आमचं वर्षाचं पोट त्या बांध्यांमध्ये असायचं. त्यामुळे कॅलेंडरवरचं चितळ पाहून माझी आई त्याचं तोंड भिंतीकडे करून टाकायची. ते कॅलेंडर आम्हाला फॉरेस्टवाल्यांनीच दिलेलं होतं.

आमचं गाव चंद्रपूरच्या जंगलात, अगदी आतल्या अंगाला होतं. बहुतेक घरं गोंडांची, थोडी आमची बौद्धांची, मधोमध निळ्या झेंड्याचा सिमेंटचा ओटा. गाव संपलं की शेत, शेत संपलं की गवत आणि गवत संपलं की झाडी. त्या गवताशी आमचा रोजचा संबंध. छप्पर त्याचं, गुरांचा चारा त्याचा, आणि आमच्या धानाचे सगळे चोरही त्याच्यातच राहणारे.

वैर असल्यामुळे आम्ही त्यांना नीट ओळखत होतो. शेतातल्या माळ्यावर बाबांच्या शेजारी बसून मी ते सगळं बघितलेलं आहे. कळप चरायला लागला तरी सगळ्यांची तोंडं एका दिशेला कधी नसतात. एक खाली मान घालतं तेव्हा दुसरं वर करतं. कान तर सारखे फिरत असतात, खाताना, उभं असताना, बसून रवंथ करताना. संशय आला की एखादी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटते. पहिल्यांदा हळू, मग जोरात. मग ती ओरडते आणि सगळ्या शेपट्या एकदम वर होतात, खालचा पांढरा भाग दिसतो, आणि बघता बघता गवत रिकामं. सशाचं वेगळं. तो गवतात स्वतःच्या अंगाएवढा खळगा करून बसतो, कान पाठीला चिकटवतो आणि तुमचा पाय त्याच्यावर पडेपर्यंत हालत नाही. टिटवी तर उघड्या जमिनीवर खड्यांसारखी अंडी घालते आणि तुम्ही जवळ गेलात की भलतीकडेच जाऊन पंख मोडल्याचं नाटक करते. बाबा म्हणायचे, या सगळ्याईले नाटक कंपनीत घ्याले पाहिजे.

एक दिवस आम्ही तिघं छपरासाठी गवत कापत होतो. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. आईचा विळा मध्येच थांबला. तिनं नुसता हात वर करून मला बोलावलं. गवताच्या बुडाशी चितळाचं पिलू बसलेलं होतं. मान जमिनीला टेकलेली, कान मागे, डोळे उघडे. अंगावरचे ठिपके आणि गवतातून खाली आलेलं ऊन यांतला फरक कळत नव्हता. कानाशी माशी बसली होती तरी त्यानं कान हलवला नाही. फक्त बरगड्या खालीवर होत होत्या. मी हात पुढे केला तर बाबांनी मनगट धरलं.

"हात नको लावू. तुहा वास लागन त्याले."

"त्याची माय कुठी हाय?"

बाबांनी हनुवटीनं दाखवलं. दूर, आमच्या मोहाच्या झाडाच्या पलीकडे एक मादी चरत होती. आमच्याकडे पाठ करून, अगदी निवांत.

"मंग ती इकडं काऊन नाई पाहून राह्यली?"

"तिनं पाह्यलं तं सगळ्याईले समजन ना, का पिलू कुठी हाय," बाबा म्हणाले. "म्हून ती पाहत नाई. माहं कोणीच नाई इथी, असं दाखवते."

आईनं तेवढा गवताचा पट्टा सोडला आणि पुढे सरकून कापायला लागली. बाबा संध्याकाळपर्यंत कुरकुरत होते, की हेच उद्या मोठं होऊन माझं धान खाईल. पण त्यांनीही त्या पट्ट्याला विळा लावला नाही.

मी आयटीआयला होतो तेव्हा फॉरेस्टवाल्यांनी जंगलातलं गाव उठवलं. सगळ्यांना जंगलाबाहेर, रस्त्याच्या कडेला नवी जागा मिळाली. एका रांगेत घरं, नळ, लाईट, शेतासाठी जमीन. मला तर आनंदच झाला होता. मोटारसायकल दारापर्यंत येणार, याहून मोठं सुख तेव्हा मला माहीत नव्हतं. वेल्डिंगचा कोर्स झाला आणि मी ऊर्जानगरला वीज केंद्रात लागलो. कॉलनीत राहायला मिळालं. सायकलवर ड्युटीला जायचं, शिफ्ट करायची, संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल. नव्या गावातल्या किराणा दुकानात फोन होता. त्यावर आई यायची आणि दर वेळी तेच सांगायची. सगळं बरं हाय. धान चांगला हाय. तू ड्युटी कर. सणाला घरी गेलो की ताटात भात असायचा, वर वरण असायचं. शेत कसं आहे ते बघायला मी कधी गेलो नाही. बरं आहे म्हणतात तर बरंच असेल. तसं मानण्यात माझी सोय होती.

एकदा घरी गेलो तेव्हा आयटीआयचा निळा शर्ट टाकून द्यायला काढला होता. खांद्यावर ठिणगी पडून जळालेला, त्यावर आईनंच कधीतरी तिच्या जुन्या पोपटी लुगड्याचं ठिगळ लावलेलं. ती म्हणाली, "राहू दे, कामात येईन." मला वाटलं, पोतेरं करेल.

नोकरीची दोन-तीन वर्षं झाली असतील. पावसाळ्यात बंद असलेलं जंगल उघडलं होतं आणि आमच्या विभागातल्या साहेबांनी सगळ्या कुटुंबांची सहल काढली. कंपनीची बस, डबे, चहाचा थर्मास, मुलांसाठी बिस्किटं. कुणीतरी सांगितलं, अरे, आपला वेल्डर तिकडचाच आहे. झालं. मला ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसवण्यात आलं आणि अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. मला मुळातच बोलायची खोड. त्यात साहेब लोक ऐकायला बसलेले. मग काय विचारता.

गेटवर फॉरेस्टचा गाईड चढला, पण त्याला मी फारसं बोलूच दिलं नाही. मी सगळ्यांना सांगत होतो, की गव्याची जीभ कशी खरखरीत असते आणि तो गवताचे जाड झुपके कसे उपटून खातो. चितळाचं तोंड लहान, त्याला कोवळं शेंड्याचं लागतं, म्हणून गवे चरून गेले की मागून चितळं येतात. गवत वरून खाल्लं तरी मरत नाही कारण त्याची वाढ बुडातून होते. सांबर झाडीच्या कडेनंच राहतं, फार उघड्यावर येत नाही. वाघाचे पट्टे सर्कशीत भडक वाटतात, पण सुक्या गवतात तो समोर बसला तरी दिसायचा नाही. साहेबांची चौथीतली मुलगी माझ्या पाठीमागच्या सीटवर होती. तिनं विचारलं, "काका, गवतात राहायचं असेल तर काय काय यावं लागतं?"

मी म्हणालो, "लपता यावं, नाहीतर पळता यावं. दोन्ही नसेल येत तर गर्दीत राहावं."

मुलांनी त्याचं गाणंच केलं. लपा, पळा, गर्दीत राहा. गाईड हसून म्हणाला की इथं आवाज करायचा नसतो. मग मीच वळून सगळ्यांना दटावलं. जंगलात ओरडायचं नाही, खाली उतरायचं नाही, हे मी शिक्षकाच्या थाटात सांगितलं.

आमच्या गावाच्या जागी आता कुरण झालं होतं. मी पहिल्यांदाच बघत होतो. घरं गेलेली, झेंड्याचा ओटा तेवढा गवतातून वर आलेला. आमच्या बांध्यांचे धुरे, मधले मातीचे उंचवटे, गवताखालीही रेषेसारखे दिसत होते. मोहाचं झाड तसंच उभं. ते बघून मला बोलल्याशिवाय राहवेना. मी बसमध्ये उभा राहून सांगितलं, हे माझं गाव, तो ओटा आमचा, त्या मोहापासून इकडची शेती आमची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, आवाज न करता. एक जण म्हणाला, "म्हणजे ही चितळं तुमची भाडेकरू." मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

चितळांचा कळप आमच्याच बांधीत होता. एवढा मोठा कळप बाबांनी पाहिला असता तर झोप उडाली असती. गवत कमरेएवढं, नुकतं पिवळं पडायला लागलेलं. कळपाच्या डाव्या अंगाला, बऱ्याच अंतरावर, बायका तरोट्याचं तण उपटत होत्या. तरोटा वाढला की गवत मरतं, आणि चितळ तरोट्याला तोंड लावत नाही. म्हणून शेंगा फुटायच्या आधी तो मुळासकट काढावा लागतो. बायकांनी लुगड्यावर पुरुषांचे शर्ट घातले होते, डोक्याला दुपट्टे बांधले होते. गवताची कुसळं अंगात घुसतात, त्यासाठी.

कॅमेरा घेतलेला एक जण म्हणाला, "ती माणसं फोटोत येतायत हो."

गाईडनं खिडकीतून हात बाहेर काढून बारीक शीळ घातली. तिकडे मुकादमानं हात वर केला आणि सगळ्या बायका एकदम खाली बसल्या. गवत तेवढं उरलं.

"गाडी आली की बसायचं, असा नियमच आहे," गाईड म्हणाला. "लोक जनावरं पाहाले येतात ना."

आणि मी, माझं तोंड काही गप्प बसेना, मुलांकडे वळून म्हणालो, "बघा, माणसालाही लपता येतं. आता ओळखा बरं कुठं आहेत." मुलं खिडकीशी गोळा झाली. सगळे हसले. मीही त्यांच्याबरोबर शोधायला लागलो. वारा आला, गवत एका बाजूला कललं आणि मला निळा शर्ट दिसला. पाठमोरा. खांद्यावर पोपटी ठिगळ.

माझ्या तोंडून "माय" असं निघालं. हळू नाही.

आज विचार केला तर वाटतं, तेव्हा मला स्वतःचा अभिमानच वाटत होता. साहेबांसमोर, मॅडमांसमोर मी आईला हाक मारतोय, लाजत नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. मी दुसऱ्यांदा हाक मारली, दार उघडलं आणि खाली उडी टाकली. गाईड मागून ओरडला. चितळाच्या एका मादीनं पाय आपटला, मग ती ओरडली, सगळ्या शेपट्या वर झाल्या आणि कळप झाडीत गेला. मी धुऱ्यावरूनच चालत होतो. पाय आपोआप तिकडे गेले होते.

मुकादम पळत आला. "ओ भाऊ, खाली काऊन उतरले? उतराची परवानगी नाई इथी. चौकीवर चाला."

बायका बसलेल्याच होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, एक सोडून. आई खाली मान घालून तरोट्याचं बूड धरून बसली होती. मी तिच्यापासून बैलगाडीएवढ्या अंतरावर उभा होतो. मी पुन्हा म्हणालो, "माय."

मुकादमानं तिच्याकडे बघितलं. "बाई, तुमचा कोणी हाय का हा?"

आईनं मान वर केली. माझ्याकडे केली नाही. ती मोहाच्या झाडाकडे बघत म्हणाली, "नाई जी. मी नाई ओळखत. गाडीतले साहेब असंन कोणी."

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? मी एवढा सगळ्यांसमोर खाली उतरलो आणि ही म्हणते ओळखत नाही. मी पुढे पाऊल टाकणार होतो. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. तरोटा उपटायला ताकद लागत नाही, पोरंही उपटतात. तो तिच्या हातून निघत नव्हता. ती ओढत होती आणि तो निघत नव्हता, आणि ती अजूनही मोहाकडेच बघत होती.

मुकादमाचा आवाज बदलला होता. "साहेब, असं उतरू नका जी. वाघाचा इलाका हाय. आमच्यावर येते मंग." 'भाऊ'चा 'साहेब' झाला होता. त्यानं मला बसपर्यंत सोडलं, वर दारही लावून दिलं.

बसमध्ये कॅमेरावाला चिडलेला होता, त्याचा सगळा कळप गेला होता. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. साहेबांच्या मिसेस स्वभावानं चांगल्या. त्यांना माझी दया आली असावी. त्या कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "जाऊ द्या हो. चुकलं असेल त्यांचं. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात."

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. माझ्या मोज्यांत आणि पँटीला कुसळं भरली होती. साहेबांची मुलगी सीटवरून वाकून ती एकेक काढत होती आणि खिडकीतून बाहेर टाकत होती. डबे उघडले तेव्हा तोंडात घास फिरत राहिला. लोकांना वाटलं असेल की मी ओशाळलोय, आणि ते खरंच होतं. फक्त कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

सुटीच्या दिवशी घरी गेलो. मोटारसायकल दारापर्यंत गेली. बाबा अंगणात सिंदीचा झाडू बांधत बसले होते. आई चुलीपाशी होती. तिनं पाणी दिलं, तांब्या नीट हातात दिला. भात वाढला. मी विचारलं, "हे धान आपल्या शेतातलं हाय का?"

बाबांनी झाडू खाली ठेवला. "आपल्या शेतात मुरूम हाय. मुरमात धान होत नाई. दोनदा लावून पाह्यला."

"मंग हा भात?"

त्यांनी चुलीकडे बघितलं आणि पुन्हा झाडू हातात घेतला. "मी नाई जात तिकडं. चितळायसाठी गवत पिकवाले मी नाई जात. तुही माय जाते. ट्रॅक्टर येते सकाळी."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. फोनवर इतके दिवस काय सांगत होता, म्हणून. पण ओरडायला तोंड कुठं होतं? मी एकदाही शेतात जाऊन बघितलं नव्हतं. मी आईकडे वळलो आणि जे विचारायला आलो होतो ते विचारलं.

"तू ओळख काऊन नाई देल्ली मले?"

ती भाकरी थापत होती. थापणं तिनं थांबवलं नाही.

"मुकादम तुले चौकीवर घेऊन जाऊन राह्यला होता. साहेबाच्या गाडीतला हाय म्हटलं, म्हून सोडलं. गवत उपटणारीचा पोरगा हाय असं सांगतलं असतं, तं सोडलं असतं का?"

मुकादमाचं 'भाऊ' आणि 'साहेब' माझ्या कानांत होतं. ते मी तिथंच ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला मला तिच्या चुलीपाशी यावं लागलं.

भाकरी तव्यावर टाकून ती पुढे म्हणाली, "आन् मले लाजही वाटली. तुही नाई, माही. तुह्या बाबानं जल्मभर ज्याईले हाकललं, त्याईचं ताट मी आता वाढून राह्यली. आपल्याच बांधीत. ते तुले पाहाले नको होतं."

बाबा उठून अंगणाच्या बाहेर गेले. मी त्या दिवशी तिला सांगू शकलो असतो की बसमध्ये मी 'हो' म्हणालो. सांगू शकलो असतो की त्या लपल्या तेव्हा मी मुलांना हसवलं होतं. नाही सांगितलं. तिच्यापुढे मला माझीच शिसारी येत होती आणि ती मला आणखी एक भाकरी घे म्हणत होती. मी घेतली.

जेवण झाल्यावर भांडी घासता घासता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "मी तं बरोबर बसली होती ना? तुले दिसली कशी?"

"शर्ट," मी म्हणालो. "निळा हाय ना."

तिनं मान हलवली. कामाची गोष्ट कळल्यावर हलवावी तशी.

निघताना तिनं तो शर्ट माझ्या हातात दिला. धुऊन, घडी घालून. ठिगळाची निघालेली शिवणही तिनं पुन्हा घातली होती. "घेऊन जाय. याच्यात दिसते मी." दोरीवर बाबांचा जुना मातकट सदरा वाळत होता. त्याच्या बाह्या तिच्या मापानं कापलेल्या होत्या. मी म्हणालो की आता तू तिकडं जाऊ नको, मी पाठवत जाईन. ती म्हणाली, बरं. पण फोनवर 'सगळं बरं हाय' जसं म्हणायची, तसंच ते बरं होतं. मी पाठवत राहिलो आणि ती जात राहिली. तिला बसून खायची सवयच नव्हती, आणि मलाही तिला ठाम नाही म्हणायचा हक्क मिळवता आला नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा सहल निघाली. मी नाही म्हणून बघितलं, पण साहेब म्हणाले, तुझ्याशिवाय मजा नाही. पुन्हा ड्रायव्हरच्या बाजूची सीट. या वेळी मी गाईडला बोलू दिलं. साहेबांची मुलगी पाचवीत गेली होती आणि तिला सगळं आठवत होतं, लपा, पळा, गर्दीत राहा, हेसुद्धा.

कुरण आलं. गवत मागच्या वर्षीपेक्षा दाट, तरोटा जवळजवळ नाहीच. काम चांगलं झालं होतं. कळप आमच्या बांधीत उभा होता. डाव्या अंगाला बायका दिसल्या, गाईडनं शीळ घातली आणि त्या खाली बसल्या. मी एकदाच तिकडे बघितलं. पिवळं गवत, मातकट माती, मध्ये कुठेतरी एखादा दुपट्टा. कुठला सदरा कुणाचा ते कळत नव्हतं.

मुलगी माझ्या खांद्यावरून डोकावली. तिनं हळूच विचारलं, "काका, मागच्या वेळच्या त्या बायका कुठं गेल्या?"

"कुठल्या बायका?" मी म्हणालो.

आणि मोहाच्या झाडाकडे पाठ करून मी तिला चितळाची पिलं दाखवायला लागलो.